सूक्ष्म कोणाला म्हणायचे?

संयुक्त राष्ट्रांनी २०१७ साली ठरवल्यापासून २७ जून हा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी छोट्या उद्योजकांचे कौतुक होते, आणि ते व्हायलाच हवे. पण छोटा कोण, हे सरकार कसे ठरवते तेही तपासायला हवे. कर्जापासून थकलेल्या बिलापर्यंत बरेच काही त्यावर अवलंबून असते.

या उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याने यंत्रसामग्रीत पंचवीस लाखांपर्यंत गुंतवणूक असलेला कारखाना सूक्ष्म मानला. जुलै २०२०मध्ये ही मर्यादा एक कोटी झाली आणि जोडीला पाच कोटींच्या उलाढालीची अट आली. १ एप्रिल २०२५पासून अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल असलेला उद्योगही सूक्ष्मच. त्यात निर्यातीची रक्कम उलाढालीत धरलीच जात नाही.

मर्यादा वाढवण्यामागचे कारण रास्त आहे. यंत्रांच्या किमती वाढल्या, आणि सवलती जातील या धास्तीने कोणी वाढ रोखून धरू नये. मात्र भोसरीतल्या भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथवर जॉबवर्क करणारा आणि वर्षाला नऊ कोटींचा माल विकणारा, हे दोघे आता एकाच रांगेत उभे आहेत. बँकांना साडेसात टक्के कर्जे सूक्ष्म उद्योगांना द्यावी लागतात. ताळेबंद आणि तारण घेऊन येणारा नऊ कोटींचा ग्राहक समोर असताना लेथवाल्याची फाइल कोण उघडणार? केंद्राच्या खरेदीतला पंचवीस टक्के वाटाही सूक्ष्म आणि लघु या दोघांत मिळून आहे. लघुची हद्द तर शंभर कोटींच्या उलाढालीपर्यंत गेली आहे.

पंचेचाळीस दिवसांत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लावणारे कलम २००६च्याच कायद्यात आहे. ते मोलाचे आहे. पण ज्याचे सगळे काम एकाच कंपनीकडून येते, तो तिच्याविरुद्ध तक्रार करायला धजावत नाही. तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद, हे त्याला पक्के ठाऊक असते.

म्हणून सूक्ष्म वर्गातच पंचवीस लाखांच्या जुन्या मर्यादेचा एक वेगळा स्तर करावा, कर्जाच्या आणि खरेदीच्या वाट्यातला ठरावीक हिस्सा त्याच्यासाठी राखावा, आणि उशिराचे व्याज त्याने तक्रार न करताही वसूल होईल अशी तजवीज करावी.