परीक्षेपुरते पर्यावरण

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले. २००३ साली पुन्हा बजावावे लागले. तेव्हा कुठे तो विषय पदवीच्या अभ्यासक्रमात स्थिरावला. गुण मिळवून विसरण्यासाठी!

मढच्या किनाऱ्यावर मात्र त्याची परीक्षा नित्याची. एका अवकाळी सरीने वलांडीवरचे बोंबील नासतात. २०२१ चे तौक्ते वादळ कोळीवाडा विसरलेला नाही. खाडीपलीकडे वर्सोव्यात मत्स्यशिक्षणाचे अभिमत विद्यापीठ आहे. पण हा प्रश्न केवळ मत्स्यशास्त्राचा का? वाणिज्य शिकणाऱ्याने कोळणीचा बुडालेला हिशेब मांडावा, अभियंत्याने तिवरे राखून रस्ता आखावा. विकास आणि वादळ वेगवेगळ्या वर्गांत शिकवून कसे चालेल?

पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात धरतीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले. तो ज्या पदवीधराला ऐकू येत नाही, त्याला सुशिक्षित कसे म्हणावे?