हात लावून तपासा

वस्तीत कुणी दवाखान्यातून आलं की आम्ही विचारतो, "तपासलं का?" उत्तर येतं, "हो, गोळ्या दिल्या, सुई मारली." पुन्हा विचारतो, "पोटाला हात लावला का? छातीला नळी लावली का? नाडी धरली का?" मग माणूस आठवायला लागतो. टेबलापलीकडून विचारलं, काय होतंय. याने सांगितलं, पोट दुखतंय. कागद हातात आला. झालं. यालाच आपण तपासणी म्हणत आलोय, आणि वर पैसेही मोजत आलोय.

आमचं म्हणणं सरळ आहे. अंगाला हात लागला नाही तर तपासणी झाली नाही. औषध मिळालं, एवढंच.

नर्सिंगच्या डिप्लोमात आम्हाला चार गोष्टी शिकवल्या. नीट बघणं, हाताने चाचपणं, बोटांनी ठोकून पाहणं आणि नळीने ऐकणं. रक्ताची तपासणी, ईसीजी, सोनोग्राफी हे सगळं त्यानंतर. कुठलं मशीन लावायचं आणि किती घाईने लावायचं, हे आधी हात सांगतो. ठोकून पाहण्याची पद्धत १७६१ साली लिओपोल्ड औएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियातल्या डॉक्टरने मांडली. त्याचा बाप खाणावळ चालवायचा, पिंपावर टकटक करून आत दारू कुठवर आहे ते ओळखायचा, आणि पोराने तीच युक्ती माणसाच्या छातीवर वापरली, असं सांगतात. आपल्या आयाबाया माठ घेताना टिचकी मारूनच घेतात. म्हणजे ही विद्या काही आकाशातून पडलेली नाही.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठियावाडातल्या एका मास्तरची हकिकत आहे. त्या मास्तरचं पत्र १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. बायको बाळंत झाली, दोन दिवसांत आजारी पडली, जुलाब सुरू झाले, श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, बरगड्यांत दुखू लागलं. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. फार विनवण्या केल्यावर आला, पण बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायची अट घालून. तापमापक त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्याने ते नवऱ्याला दिलं, नवऱ्याने बायकोला लावलं, आणि त्याच वाटेने ते परत गेलं. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला आणि न्यूमोनिया आहे असं सांगितलं. पुढे तो आलाच नाही. बाई गेली.

ही गोष्ट आपण भाषणांत ऐकतो आणि संतापतो. आम्ही नर्स म्हणून ती वाचतो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसते. त्या तापमापकाने फक्त ताप सांगितला. नाडी किती जोरात चाललीय ते नाही सांगितलं. हातपाय गार पडलेत का, पापणीच्या आत पांढरं पडलंय का, छातीच्या खालच्या भागात श्वास पोचतोय का, ओटीपोट दाबल्यावर दुखतंय का, पायाची एक पोटरी सुजलीय का, हे सगळं बाळंतिणीत बघायचंच असतं आणि ते हात लावल्याशिवाय कळत नाही. कदाचित निदान बरोबरही असेल. पण बाई किती बुडत चालली आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच त्याने ठेवला नव्हता.

आज असं उघड कुणी करत नाही, असं म्हणणारे भेटतात. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानच्या खेड्यांतल्या दलित मुलांचा अभ्यास केला, तो २०१० साली आला. तपासताना आणि औषध देताना हात लावायचं टाळतात, हे त्यात मुलांनीच सांगितलं आहे. शहरातल्या वस्तीत प्रकार वेगळा असतो. तिथे कारण कधी जात असते, कधी अंगाला येणारा घामाचा वास, आणि बऱ्याचदा नुसती गर्दी. दुपारपर्यंत शंभर पेशंट उरकायचे असतील तर कुणाचाही हात चालणार नाही, हे आम्ही मान्य करतो. पण कारण कुठलंही असो, आपल्या माणसाचं पोट तपासायचं राहिलं ते राहिलंच.

सगळ्यात महाग पडतो तो 'गॅस'. बेंबीच्या वर, छातीच्या खाली दुखतंय, ढेकर येतोय, मळमळतंय. घरात सोडा पाजतात, ओवा चावायला देतात, दवाखान्यात ॲसिडिटीची सुई मिळते. हृदयविकाराचा झटका बऱ्याचदा याच वेशात येतो. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना तर छातीत कळ येईलच असं नाही. नुसता दम, अंगाला दरदरून घाम, पाठीत किंवा जबड्यात दुखणं, अचानक गळून जाणं. पोटाला हात लावला आणि पोट मऊ लागलं, दाबून दुखणं वाढत नाही, पण माणूस घामाने भिजलाय, तर नर्सच्या डोक्यात पहिलं हृदय आलं पाहिजे. अशा वेळी दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून सुटलो असं नसतं, दुखणं चालू असेल तर तो पुन्हा काढतात. घरातल्यांनी रिक्षा शोधत आणि या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरत वेळ घालवू नये. १०८ लावा आणि जिथे ईसीजी निघतो तिथेच न्या.

रंगाबद्दलही बोलू. पुस्तकात लिहिलेलं असतं, ओठ निळे पडतात, नखं गुलाबी असतात, कातडी फिकी दिसते. ही वर्णनं गोऱ्या कातडीवरून आलेली आहेत. आपल्या सावळ्या-काळ्या माणसाचा चेहरा बघून 'रंग ठीक आहे' म्हणणाऱ्याने काहीच बघितलेलं नसतं. आपल्यात रक्त कमी आहे की नाही ते खालची पापणी ओढून, जीभ आणि तळहात बघून कळतं. निळेपणा ओठाच्या आतल्या बाजूला आणि जिभेवर बघायचा असतो. कोरोनात घरोघर आलेलं बोटावरचं ऑक्सिजनचं यंत्रही काळ्या कातडीवर कधी कधी असतो त्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. २०२० साली अमेरिकेतल्या काळ्या रुग्णांवरच्या अभ्यासात हे ठळकपणे पुढे आलं. म्हणून आकडा ९६ आणि माणूस धापा टाकतोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

बीपीचं तर पार वाटोळं केलंय. चालत आलेल्या बाईला उभ्या-उभ्या, पोलक्याच्या बाहीवरून पट्टा गुंडाळतात, मशीन सुरू, बाई सिस्टरशी बोलतेय, आकडा लिहिला. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीला, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, तोंड बंद. लघवी तुंबलेली नको. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर आकडा खोटा वाढतो. आणि अर्धा तास आधी चहा, बिडी, तंबाखू नको. यात मशेरीही आली, बरं का. मशेरी म्हणजे दात घासणं असं आपल्या बायका मानतात, पण तो तंबाखूच आहे आणि तो बीपी चढवतो. पहिला आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने दुसऱ्यांदा घ्यायला सांगा. सांगितलं तर रागावतात काही सिस्टर. रागावू द्या.

नाडी मात्र तुम्हालाही घरी मोजता येईल. अंगठ्याच्या खाली, मनगटावर, दोन बोटं ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. मोठ्या माणसाची बसल्या-बसल्या ६० ते १००. आकड्याइतकंच महत्त्व तालाला. ठोका एकसारखा पडतोय की मधेच हुकतोय, कसाही पडतोय? वयस्कर माणसाची नाडी अशी बेताल लागली तर हृदयात गुठळी होऊन लकव्याचा धोका असतो. अशा रुग्णाला वॉर्डात दोन नर्स एकाच मिनिटात तपासतात. एक मनगट धरते, दुसरी छातीवर नळी ठेवते. छातीतले ठोके मनगटापेक्षा जास्त निघाले तर काही ठोके हातापर्यंत पोचतच नाहीयेत, असा त्याचा अर्थ. मशीन नाही, खर्च नाही, दोन बायका आणि एक घड्याळ.

लहान मुलांच्या बाबतीत नळी फार मोलाची. एका खोलीत सातआठ जणं झोपतात तिथे घसादुखी एकाची दुसऱ्याला लागते. त्यातल्या एका प्रकारच्या घसादुखीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचे सांधे दुखतात, आज गुडघा तर उद्या घोटा. सांधे बरे होतात आणि आपण विसरतो, पण हृदयाच्या झडपा खराब होतात. छातीला नळी लावली तर ठोक्यांच्या मधे फुसफुस आवाज येतो. नाही लावली तर तीच मुलगी पुढे पहिल्या गरोदरपणात धापा टाकत येते. वेळेत कळलं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई घेऊन झडपा आणखी खराब होण्यापासून वाचवता येतात.

पायांकडे कुणीच बघत नाही. मधुमेह्याच्या पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या कडेला नाडी लागते का, पाऊल गार आहे का, हे दर भेटीत बघायला हवं. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का तेही. दोन्ही पाय सुजलेत तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्ताची कमी, काहीही असू शकतं. पण एकच पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, आणि बाई नुकतीच बाळंत झालेली किंवा ऑपरेशन झालेलं, तर शिरेत गुठळी असण्याची भीती. त्या पायाला तेल लावून चोळू नका. आपल्याकडे मालिशवाली मावशी प्रेमाने हेच करते, आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर वेळ मिळत नाही.

पोट तपासण्याचा क्रमच वेगळा आहे. बाकी ठिकाणी ऐकणं शेवटी, पोटात आधी. कारण दाबलं की आतड्यांची हालचाल बदलते आणि आवाज खोटे होतात. पाठीवर निजवून गुडघे वाकवायला सांगायचे, हात गरम करून घ्यायचे, दुखतंय ती जागा विचारायची आणि तिथे सगळ्यात शेवटी जायचं. डोळे पोटावर नाही, तोंडावर ठेवायचे, कारण कळ आधी चेहऱ्यावर येते. पोट फळीसारखं कडक लागलं, खोकल्यावर एकाच जागी कळ आली, बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली जाऊन बसलं, तर सर्जनकडेच. घरात एरंडेल देणं, बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणं, गरम पाण्याची पिशवी ठेवणं, यापैकी काहीही नको. पाळी चुकलेली बाई, ओटीपोटात एका बाजूला कळ आणि चक्कर असेल तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तिथे रात्र उलटू देऊ नका.

हात लावा म्हणतो, याचा अर्थ कुणीही कसाही लावावा असा नाही. विचारून, पडद्याआड, बाईजवळ बाई उभी असताना. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरने तरुण बाईच्या छातीला कान लावायला नको म्हणून कागदाची गुंडाळी केली, त्यातून ही नळी जन्मली. वस्तीतल्या दवाखान्यांत आज एक तपासणीचं टेबल आणि एक पडदा नसतो, ही लाजेची गोष्ट आहे. नगरसेवकाकडे कमान आणि रंगरंगोटी मागण्याआधी तो पडदा मागा. आणि नर्सला रजिस्टर भरण्यातून सोडवा, हेही मागा. शिकवलेला हात कागदावर वाया चाललाय.

काही तपासण्या तर आईनेच शिकाव्यात. सिकलसेल हा आजार नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये घरोघर आहे. तिकडून आलेली कुटुंबं मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतही आहेत. अशा लहान मुलाची पाणथरी, म्हणजे डाव्या बरगडीखालची प्लीहा, कधी कधी काही तासांत रक्त ओढून फुगते आणि मूल पांढरंफटक पडतं. जमैकात आयांना पाणथरी चाचपायला शिकवलं. त्या मूल लवकर आणू लागल्या आणि या कारणाने होणारे मृत्यू फार खाली आले. शिकायला कठीण नाही. मूल पाठीवर, गुडघे वाकवलेले. बेंबीच्या पातळीपासून बोटांची टोकं हलकेच दाबत वर डाव्या बरगडीकडे न्यायची. नेहमी किती लागते ते माहीत असलं की वाढलेली लगेच कळते. वाढलीय आणि मूल मलूल आहे, तर त्याच तासाला रक्त देता येईल अशा दवाखान्यात न्यायचं. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल मोहीम चालू आहे, रक्ततपासणी मोफत होते. कार्ड मिळतं. पण कार्ड पाणथरी चाचपत नाही.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात नाडी मोजणं, बीपी घेणं आणि मुलाचं पोट चाचपणं शिकवतो. येताना सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणा, सिकलसेलचं कार्ड असेल तर तेही. आणि पोट चाचपायला शिकायचं असेल त्यांनी नखं कापून या.