बाईची जात विचारू नका, पगार विचारा

पाळणाघर निवडताना शहरातले आईबाप काय बघतात? एसी आहे का, भिंतीवर कार्टून आहेत का, कॅमेरे किती आहेत. आणि निघता निघता, आवाज जरा खाली आणून, शेवटचा प्रश्न येतो, "मुलं सांभाळणाऱ्या बायका आपल्यातल्याच आहेत ना?" यातल्या 'आपल्यातल्या'चा अर्थ या देशात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

हा प्रश्न जातीयवादी तर आहेच, पण तो तुमच्या मुलासाठी धोक्याचाही आहे. बाई 'आपल्यातली' निघाली की आईबाप निर्धास्त होतात आणि जे तपासायचं ते तपासतच नाहीत. आडनाव हा चारित्र्याचा दाखला नव्हे. आणि जिच्या हातचं पाणी तुम्हाला चालत नाही, तिच्याच हातात मूल सोपवून तुम्ही कामाला जाता, हा ढोंगीपणा आता तरी ओळखा.

राहिला कॅमेरा. 2016 साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आया मारत असल्याचं चित्रण सगळ्या देशाने पाहिलं. ते आलं कुठून? त्याच पाळणाघराच्या कॅमेऱ्यातून! कॅमेरा होता, चालूही होता. बाळाच्या अंगावरच्या जखमा दिसल्यानंतर चित्रण तपासलं गेलं. कॅमेरा पुरावा देतो, मार थांबवत नाही.

मग बघायचं काय?

पहिली गोष्ट दार. न सांगता, भलत्या वेळी जा. दुपारी दोनला जा, जेव्हा मुलं झोपलेली आणि बायका थकलेल्या असतात. "पालकांना आत यायची परवानगी नाही, मुलं रडतात" असं उत्तर मिळालं तर तिथूनच परत फिरा. जिथे आईला दार बंद, तिथे मूल सुरक्षित नाही.

दुसरी गोष्ट मोजणी. रांगणारी मुलं किती आणि बायका किती, ते स्वतः मोजा. आग लागली तर एका बाईच्या दोन काखांत दोनच मुलं मावतात. बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का? गॅस कुठे आहे? शू-शीला मुलांना कोण नेतं? तिथे पुरुष कर्मचारी एकटा जातो का? सगळ्यांची, मालकाच्या नातेवाइकांचीसुद्धा, पोलीस पडताळणी झाली आहे का? कागद दाखवा म्हणा.

तिसरी गोष्ट पगार. तुम्ही भरता त्या फीतून त्या बाईच्या हातात किती पडतात? तिला सुट्टी आहे का? जेवायला अर्धा तास मिळतो का? दर दोन महिन्यांनी बाई बदलत असेल तर का बदलते? मुलाला मारायला कमी पगाराची सबब चालणार नाही, गुन्हा तो गुन्हाच. पण दहा-दहा तास एकटीवर डझनभर मुलं टाकणारा मालक धोका स्वतः तयार करतो आणि काही घडलं की बाईकडे बोट दाखवून मोकळा होतो.

चौथी गोष्ट तक्रार. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत बालवाडीतल्या चिमुरड्यांवर अत्याचार झाला. गुन्हा नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा सरकार हललं. संस्थेच्या नावाला जपणारे मुलाला जपत नाहीत. पोक्सो कायद्याने असा गुन्हा कळूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच विचारा, "काही घडलं तर पहिला फोन कुणाला कराल?" उत्तर 'आमच्या ट्रस्टींना' असेल तर समजून जा. मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे, तो भिंतीवर लावलाय का, तेही बघा. आणि मूल "तिथे नको" म्हणालं तर लाडावलंय म्हणून गप्प करू नका.

आता शेवटचा प्रश्न, जो कुणीच विचारत नाही. तुमचं मूल सांभाळणाऱ्या त्या ताईचं स्वतःचं मूल कुठे आहे? बहुतेक वेळा कुलूप लावलेल्या खोलीत, नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. बांधकामावर ते वाळूच्या ढिगाशेजारी असतं, उसाच्या फडात बांधावर. त्याच्यासाठी पाळणाघर निवडायचा प्रश्नच येत नाही.

ही नशिबाची गोष्ट नाही. 1928 सालीच मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी कामगार बाईच्या बाळंतपणाची जबाबदारी सरकार आणि मालकावर टाकली होती. 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. 1996 मध्ये पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या बांधकामावर तीच सक्ती आली. 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याचा हक्क दिला. चार वेळा! म्हणजे उघडं दार ही कुणाची मेहरबानी नाही, कायद्याने मानलेला हक्क आहे.

तो हक्क तुमच्या ऑफिसात मागा. तुमच्या सोसायटीच्या बांधकामावर राबणाऱ्या बाईसाठीही मागा. एकट्या आईबापाला पाळणाघराचा मालक गोड बोलून वाटेला लावतो. दहा पालक आणि तिथल्या बायका एकत्र बसल्या तर त्याला हिशेब द्यावाच लागेल. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे फक्त जयंतीच्या बॅनरसाठी नाही.

जय भीम!