नुसती खाज

आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. कोड कंपाइल करताना वॉर्निंग आली तर बघायचंच नाही. एरर नाही ना? मग चालतंय की! मागच्या वर्षी हीच खोड मी घरी वापरली.

बायकोला तेहतिसावा आठवडा लागला होता. रात्री तळहातांना, तळपायांना खाज सुटायची. पुरळ नाही, लाली नाही, नुसती खाज. रात्री दोनला गार फरशीवर पाय टेकवून बसायची. आई म्हणाली, "अगं, बाळाला जावळ येतंय. खोबरेल लाव." मी कूस बदलत म्हणालो, "होतं गं असं, झोप." डॉक्टरांकडेही 'नॉर्मल आहे' एवढंच उत्तर मिळालं.

आठवड्याने ती भडकली. "तुझे पाय असे खाजले असते ना, तर चार डॉक्टर पालथे घातले असतेस!" खरंच होतं ते. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी रक्तातली बाइल अ‍ॅसिड्स तपासायला सांगितली. आकडा आला ५२.

या दुखण्याचं नाव इंट्राहेपॅटिक कोलेस्टॅसिस ऑफ प्रेग्नन्सी. यकृतातून पित्त नीट वाहत नाही आणि त्यातली आम्लं रक्तात साठतात. खाज आईला, धोका बाळाला. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात, हा आकडा ४० च्या खाली असताना बाळ पोटातच दगावण्याचं प्रमाण ०.१३ टक्के होतं. १०० किंवा त्यावर गेल्यावर ३.४४ टक्के. म्हणजे ५२ ला हातपाय गाळायचं कारण नव्हतं, पण आकडा चढू शकतो. म्हणून दर आठवड्याला रक्त तपासलं आणि ३८व्या आठवड्यात कळा आणून बाळंतपण केलं. कन्यारत्न ठणठणीत आहे. खाजही काही दिवसांत गेली.

गरोदरपणात खाज बऱ्याच जणींना येते आणि बहुतेकदा ती साधीच असते, मान्य. पण ब्रिटनमधल्या आकडेवारीत भारतीय-पाकिस्तानी वंशाच्या बायकांमध्ये हा आजार इतरांपेक्षा जास्त दिसतो. मग 'बाईने सोसायचंच असतं' हे आपलं ठरलेलं उत्तर महागात पडू शकतं.

तेव्हा नवरे मंडळी, खाज तळहात-तळपायांना असेल, रात्री वाढत असेल आणि पुरळ नसेल, तर बाइल अ‍ॅसिड्सची तपासणी मागून घ्या. लिव्हरची नेहमीची टेस्ट नॉर्मल आली तरीही.

मी आता वॉर्निंग्ज वाचतो. ऑफिसात आणि घरीसुद्धा.