ज्येष्ठांना पासपोर्ट शुल्कात सवलत, पण पहिल्यांदाच

साठी ओलांडलेला अर्जदार जयपूरच्या जगतपुरा उपनगरातील असो वा पुण्यातील, पासपोर्टचे शुल्क दोघांनाही सारखेच भरावे लागते. जगतपुऱ्यातील अर्ज जयपूरच्या क्षेत्रीय पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येत असले, तरी शुल्क आणि सवलत केंद्र सरकार ठरवते. त्यामुळे या सवलतीतील उणीवही देशव्यापी आहे.

१ ऑक्टोबर २०१२ पासून ३६ पानांच्या सर्वसाधारण पासपोर्टचे शुल्क १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झाले. जून २०१७ मध्ये, पासपोर्ट कायद्याला ५० वर्षे पूर्ण होत असताना, तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ६० वर्षांवरील ज्येष्ठ आणि ८ वर्षांपर्यंतची मुले यांना शुल्कात १० टक्के सवलत जाहीर केली. ज्येष्ठांसाठी हा फरक १५० रुपयांचा आहे.

मात्र ही सवलत केवळ नव्या पासपोर्टसाठी आहे, नूतनीकरणासाठी नाही. प्रौढांच्या पासपोर्टची मुदत १० वर्षे असते. वयाच्या ५८ व्या वर्षी पहिला पासपोर्ट काढणाऱ्याला त्या वेळी वयामुळे सवलत मिळत नाही आणि ६८ व्या वर्षी नूतनीकरणामुळे मिळत नाही. नोकरीच्या काळातच पासपोर्ट काढलेली पिढी आता निवृत्त होत असल्याने या अटीची झळ अधिकाधिक ज्येष्ठांना बसणार आहे.

वयाचा निकष अन्यत्र वेगळ्या रीतीने लावला जातो. ब्रिटनमध्ये २ सप्टेंबर १९२९ रोजी वा त्यापूर्वी जन्मलेल्या नागरिकांना पासपोर्ट विनामूल्य मिळतो. नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी ६५ वर्षांवरील भारतीयांना पासपोर्टऐवजी आधार कार्ड दाखविण्याची मुभा २०१९ पासून आहे. दुसरीकडे, रेल्वे भाड्यातील ज्येष्ठांची ४० ते ५० टक्क्यांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली.

पासपोर्टची छपाई आणि पडताळणी यांचा खर्च अर्जदाराच्या वयानुसार कमी होत नाही, हा सवलतीविरुद्धचा युक्तिवाद चुकीचा नाही. परंतु तो पहिल्या पासपोर्टलाही तितकाच लागू पडतो. सवलतीचा आधार वय हाच असेल, तर ७० वर्षांच्या दोन अर्जदारांत भेद करण्याचे कारण उरत नाही. शुल्क १९८० च्या पासपोर्ट नियमांद्वारे निश्चित होत असल्याने ही विसंगती दूर करण्यासाठी मूळ कायद्यात बदल करण्याचीही गरज नाही. रक्कम लहान असली, तरी प्रश्न समान वागणुकीचा आहे.