हाडाला ओळख दिली ती जागेने

गोदाकाठच्या गावांत पांढरीला, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाला, जेसीबी लागला की खापरं निघतात, कधी हाडंही. ‘असेल जुनं काहीतरी’ म्हणत ती ढिगावर जातात आणि ढीग ट्रॉलीत. सायखेड्याच्या पारावर विचारलं तर उत्तर ठरलेलं: एक हाड हललं तर काय बिघडलं?

काय बिघडतं, ते जुन्या गोव्यातल्या एका हाडावरून कळतं.

जॉर्जियातल्या काखेती राज्याच्या राणी केतेवानने धर्म बदलायला नकार दिला, म्हणून इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यांतला काही भाग १६२७ मध्ये गोव्यातल्या आपल्या मठात आणला. पोर्तुगीज कागदांत जागा अगदी नेमकी नोंदवली आहे: मठातल्या सभागृहाचं चॅपेल, तिथली दुसरी खिडकी, दगडी पेटी, आत राणीचा उजवा हात.

पुढे १८३५ मध्ये गोव्यातले मठ बंद झाले. १८४२ मध्ये या मठाच्या चर्चचं छत कोसळलं. घंटा पणजीच्या चर्चमध्ये गेली, ती आजही तिथेच वाजते. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा पडला. उरलेला ४६ मीटरचा सुळका पर्यटकांच्या फोटोत असतो. चॅपेलमध्ये जे पुरलं-ठेवलं होतं, ते सगळं दगडमातीत मिसळलं.

आता दुसरी खिडकी कुठली? भिंतीच दिसत नाहीत, तर मोजणार कुठून? म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या गोवा मंडळाने, निझामुद्दीन ताहेर यांच्या देखरेखीखाली, आधी मठाचा नकाशाच मातीतून वर काढला. भिंती कागदाशी ताडून पाहिल्या. २००४ मध्ये त्या चॅपेलच्या जागेत हाताचं एक लांब हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेने त्यातला डीएनए तपासला, तेव्हा आईकडून येणारा ‘यू१बी’ हा वंशगट निघाला. बावीस हजारांहून अधिक भारतीयांच्या नमुन्यांत तो सापडला नव्हता, जॉर्जियन नमुन्यांत सापडला. २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी तिबिलिसीत अवशेषाचा भाग जॉर्जियाला सुपूर्द केला. शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘बहुधा’ होतं. समारंभापर्यंत ते गळालं. समारंभांना ‘बहुधा’ मानवत नाही.

श्रेय सगळे डीएनएला देतात. मला ते पटत नाही. यू१बी त्या मुलखातल्या कितीतरी बायकांच्या हाडांत असेल. त्यातून राणी सिद्ध होत नाही. राणीपर्यंत नेते ती खिडकी. तेच हाड कुणी आधी उचलून बाजूच्या ढिगावर टाकलं असतं, तर प्रयोगशाळेला फार तर एक परदेशी बाई सापडली असती.

आपल्याकडेही हेच. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी नाशिकची मातीची गढी आणि जोर्वे इथे उत्खनन केलं. पुढे नेवासे आणि इनामगावला ताम्रपाषाणयुगातली दफनं निघाली. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत लेकरू. मोठ्या माणसांचे पाय मात्र घोट्याखाली तोडलेले. का तोडले, यावर वाद आहे. मेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून, असा एक तर्क. पण तोडले होते हे तरी कळलं, कारण सांगाडा जागच्या जागी होता. जेसीबीने उलथलेल्या सांगाड्याला पाऊल नसेल, तर ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी तोडलं की आज सकाळी बकेटने, हे कोण सांगणार?

राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय नाशिकलाच आहे. हाड दिसलं की मशीन थांबवावं, काही न उचलता शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा, तलाठ्याला कळवावं. मशीनचे तास वाया जातात आणि भाडं शेतकऱ्याच्या अंगावर पडतं. सगळं गुपचूप ट्रॉलीत जातं ते मुख्यतः म्हणूनच. ते भाडं ग्रामपंचायतीने द्यावं. येत्या ग्रामसभेत कुणीतरी हा ठराव मांडाच.

— गोदाकाठकर, सायखेडा