आफ्रिकेला जाणारं हेलिकॉप्टर

सप्टेंबर सरत आला, पाऊस ओसरला की एखाद्या संध्याकाळी नाचणगावबाहेरच्या मोकळ्या मैदानात उभं राहा आणि वर बघा. डोक्याच्या थोडं वर पिवळसर चतुरांचा थवा फिरत असतो. मध्येच तरंगतात, मध्येच झपकन वळतात. तुम्ही असे तोंड वर करून उभे दिसलात, तर कुणीतरी मित्र विचारणारच, "काय पाहून राहिला बे?" आणि तुम्ही "काही नाही, हेलिकॉप्टर" म्हणून परत मोबाइलमध्ये डोकं घालणार.

बरोबरच आहे. हे हेलिकॉप्टर आपण लहानपणापासून पाहतो. त्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवलंयही. खरं सांगा, उडवलंय ना?

पुढच्या वेळी मात्र त्या मित्राला वेगळं उत्तर द्या. म्हणा, आफ्रिकेला जाणारं हेलिकॉप्टर पाहतोय.

थट्टा नाही ही. या चतुराचं इंग्रजी नाव वाँडरिंग ग्लायडर, शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. लांबी साडेचार सेंटिमीटर, वजन एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाच्या एक गोष्ट लक्षात आली. दर ऑक्टोबरात तिथे अचानक हजारो चतुर येतात आणि काही दिवसांत गायब होतात. आता गंमत बघा. मालदीव म्हणजे प्रवाळाची बेटं. पाऊस पडला की पाणी जिरून जातं, गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीतच. आणि चतुराची पिल्लं तर गोड्या पाण्यातच वाढतात. म्हणजे हे चतुर तिथले नव्हेत. मग कुठले?

अँडरसन वर्षानुवर्षं नोंदी ठेवत राहिले. दक्षिण भारतात ते आधी दिसतात, मग मालदीवमध्ये, मग सेशेल्समध्ये, मग पूर्व आफ्रिकेत. 2009 मध्ये त्यांनी हे मांडलं: भारतातून आफ्रिकेपर्यंत आणि परत, एकूण 14 ते 18 हजार किलोमीटर. पुढे 2012 मध्ये मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांचे पंख तपासले गेले. पिल्लू ज्या पाण्यात वाढतं, त्या पाण्याची खूण पंखातल्या हायड्रोजनमध्ये उरते आणि ती प्रदेशाप्रमाणे बदलते. त्या खुणेने बोट दाखवलं उत्तर भारताकडे आणि त्याच्याही पलीकडे.

एवढासा जीव समुद्र कसा ओलांडतो? पावसाळा परतताना वारे ईशान्येकडून वाहू लागतात. चतुर उंच चढतो आणि त्या वाऱ्यावर पंख पसरून देतो. आफ्रिकेत पाऊस सुरू झालेला असतो, तिथल्या डबक्यांत अंडी घालतो आणि संपतो. परत येतात ती त्याची नातवंडं-पतवंडं. या पूर्ण चकरेत साधारण चार पिढ्या जातात. आणि ती परततात कशावर? आपला मोसमी पाऊस ज्या वाऱ्यावर येतो, त्याच वाऱ्यावर. ज्या जूनमध्ये तुमचे वडील आभाळाकडे डोळे लावून बसतात, त्याच जूनमध्ये.

आता आपल्या गावाकडे या. देवळी तालुक्यातलं हे गाव, पुलगावला लागून, जवळून वर्धा नदी आणि मुंबई-हावडा रेल्वे जाते. इथली काळी माती ज्या दगडाची झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. मे महिन्यात या मातीला पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात. पाऊस आला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली जाईना होतं. म्हणून आपल्याकडे सखल जागी डबकं साचतं आणि टिकतं. या चतुराच्या पिल्लाला वाढायला साधारण 38 ते 65 दिवस पुरतात. नदी नको, तलाव नको. दीड-दोन महिने टिकणारं डबकं मिळालं की झालं.

निसर्ग म्हटलं की आपल्याला मनालीची ट्रिप आठवते. फार तर ताडोबाची जिप्सी. जरूर जा, वाघ बघायला कोण नाही म्हणतंय! पण स्टेटसवर डोंगर टाकणारा आपल्या गावाबाहेरचं डबकं 'घाण' म्हणून बुजवायला सांगतो, तेव्हा त्याला निसर्ग कळला असं मी म्हणणार नाही. "आणि डेंग्यू?" असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. डेंग्यूचा डास वाढतो घरातल्या कूलरमध्ये, उघड्या टाकीत, छतावरच्या जुन्या टायरात. ते आधी कोरडं करा. रानातल्या डबक्यात मात्र चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या खात असतात, आणि पंख फुटल्यावर हाच चतुर उडते डास खातो.

डबक्यापेक्षाही मोठी गोष्ट फवारणीची. ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे चतुर शेतावर घिरट्या घालतो तेव्हाच, कपाशीवर आणि सोयाबीनवर पंप चालतात. तुमच्यापैकी कित्येकांच्या पाठीवर रविवारी हा पंप असतो. 2017 साली नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. निसर्गाशी आपलं नातं कवितेत शोधायची गरज नाही. जे औषध चतुराच्या अंगावर पडतं, तेच वारा फिरला की फवारणाऱ्याच्या छातीत जातं.

फवारूच नका असं शहाणपण कॉलेजच्या वर्गातून शिकवणं सोपं आहे. पीक गेलं तर घर बसतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारायचं, हे तरी थांबवता येईल. कृषी विभागाची माणसं 'आर्थिक नुकसानीची पातळी' म्हणतात, म्हणजे किडीचं नुकसान औषधाच्या खर्चाला गाठेल तेव्हाच पंप उचलायचा. डब्यावरचा त्रिकोण बघायचा: लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. घरात लेबल वाचू शकणारे बहुतेक वेळा तुम्हीच असता.

गाव बदलत नाही असं म्हणू नका. नागालँडमधल्या पांगटी गावाच्या परिसरात 2012 मध्ये हजारो अमूर ससाणे जाळ्यांत पकडून मारले गेले. हा पक्षीही आपल्या देशावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो, आणि समुद्रावर हेच चतुर त्याची शिदोरी असावेत असं अभ्यासकांना वाटतं. गोष्ट बाहेर आली, गावकरी बसले, ठरलं. पुढच्याच वर्षी जाळी लागली नाहीत.

आज संध्याकाळी जमलं तर मैदानात जाऊन या. हा चतुर ओळखायला सोपा आहे. इतर चतुर काडीवर आडवे बसतात, हा खाली लटकतो. थव्यात उडतो, फार वेळ बसतच नाही. फोटो मिळाला तर तारीख, वेळ आणि गावाचं नाव लिहून आयनॅचरलिस्टवर टाका. विदर्भातल्या गावांमधून अशी प्रत्येक नोंद अभ्यासकांच्या कामाची आहे.

आणि तिथे एखादं पोरगं हातात दोरा घेऊन चतुरामागे धावताना दिसलं, तर त्याला थांबवून एवढंच सांगा, "सोड बे त्याले, लय दूर जायचं हाय त्याले."